हाक तुमची, धाव आमची

परवा संध्याकाळी टीव्हीवर दोन देशांची बातमी चालली होती. एक मोठा देश आणि त्याला लागून एक लहान. दोघांचा करार आहे म्हणे, की कोणी चालून आलं तर दोघांनी मिळून लढायचं. आता मोठ्याच्या मनात आलं आहे, की विमानं आमची, तोफा आमच्या, फौज आमची, मग हा लहान देतो तरी काय? चौकटी-चौकटींत बसलेली माणसं त्यावर भांडत होती. माझा मुलगा आर्णीचं दुकान बंद करून नुकताच घरी आला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "देते काय? काहीच नाही. मोठ्याच्या भरोशावर फुकटात बसून राह्यला."

माझ्या मालकांनी ताटातून मान वर केली नाही. म्हणाले, "तो लहान कोन्या बाजूनं हाय ते पाह्य आधी."

"कोन्या बाजूनं म्हंजे?"

"म्हंजे येनारा जिकून येते, तिकून हाय का इकून हाय?"

मुलगा हसला. "बाबा, ते काय आपलं वावर हाय काय?"

मी भाकर वाढत होते. मला बोलायचं होतं, पण भाकर वाढून झाली आणि बातमीही बदलली. माझं असंच होतं. म्हणून इथं लिहिते आहे.

तो लहान देश नकाशात कुठं आहे ते मला ठाऊक नाही. चौथीपर्यंत आम्हाला जिल्हा आणि महाराष्ट्र एवढंच होतं. देशांचे नकाशे पुढच्या वर्गात होते आणि पुढच्या वर्गात मी गेले नाही. पण आमचं वावर कुठं आहे ते डोळे मिटून सांगेन. उगवतीला जंगल. जंगलाला लागून नाला. नाल्याला लागून आमचं वावर, लांबट, धोतराच्या पट्टीसारखं. आणि आमच्या धुऱ्याला, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाला, लागून तांड्यातल्या एका घराचं वावर. ते एवढं मोठं, की आमच्यासारखी कितीतरी वावरं पोटात घालून वर ढेकर देईल. तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता ते आमच्यासारखेच कापूस, तूर, सोयाबीन पेरतात, आणि आमच्याहून चांगलं पेरतात.

जंगलातून जे निघतं ते आधी आमच्या वावरात पाय ठेवतं, मग त्यांच्या. रोही म्हणजे घोड्याएवढी नीलगाय, तिचा कळप तुरीत शिरला की शेंडे राहत नाहीत. माकडं शेंगा खातात कमी आणि मोडतात जास्त. डुकरं रात्रीची येतात. रात्रीचं माणसं बघत. दिवसाचं बायकांकडे होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा या दोन घरांचा करार जुनाच झाला होता. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, आणि मोठ्या वावराचे मालक यांनी तो धुऱ्यावर बसून, एकाच तंबाखूच्या डबीतून खात केला होता. कागद नाही, पंच नाही. करार एवढाच होता: हाक तुमची, धाव आमची. आमच्याकडे माणसं कमी. मामाजींचा गुडघा गेलेला, सासू दम्याची, आणि कमावते एकटे माझे मालक. त्यांच्याकडे पाच मुलं, चुलत्यांची मुलं वेगळीच, गडी, आणि अंगावर धावून जाणारी कुत्री. पण त्यांच्या वावरातून जंगल दिसत नव्हतं. ते आमच्या माळ्यावरून दिसायचं. नाल्याच्या काठाशी चार बल्ल्या रोवून वर फळ्या टाकलेल्या होत्या, त्याला माळा म्हणायचं. तिथं बसून नजर ठेवायची आणि काही दिसलं की हाक द्यायची. मग तिकडून माणसं, कुत्री, डबे बडवत, आमच्या वावरातूनच पलीकडे धावत जायची आणि कळप नाल्यापार घालवून यायची.

माझं माहेर कळंबकडचं, रस्त्यावरचं गाव. तिथं घराला घर लागून. कोणाला हाक मारायची म्हणजे भिंतीवर दोन बोटं वाजवायची. आणि इथं सासूनं मला पहिल्याच आठवड्यात माळ्याखाली नेऊन उभं केलं.

"हे पाह्य, चढजो वरतं. रोही दिसली का मोठ्या मालकाले नावानं हाक मारजो. जोरात."

मी मान हलवली. तिनं त्यांचं नाव सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"अवं माय! हे तं तुह्या सासऱ्याचंच नाव झालं!"

झालं होतं खरं. मोठ्या वावराच्या मालकाचं आणि माझ्या सासऱ्यांचं नाव एकच होतं. नव्या सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं, तेही माळ्यावर उभं राहून, शिवार ऐकेल असं? सासू विचारात पडली.

"मंग त्याह्यच्या पोट्ट्याले हाक मारजो एखांद्या."

पण नवी नवरी शेजारच्या वावरातल्या तरण्या मुलांना नावानं हाका मारते, हे तर त्याहून वाईट. ते सासूच्याही लक्षात आलं. ती खोकत खोकत खाली बसली आणि म्हणाली, "तूच पाह्य बाई काय म्हंतेस ते. पन म्हनजो काहीतरी. नुसती हातवारे करत राहू नको, लोकाले वाटन पाखरं हाकलून राह्यली."

मग मी माळ्यावर बसून ऐकत राहिले, की त्यांच्या वावरात कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं. त्यांची बोली वेगळी. आपसांत ते जे बोलायचे त्यातलं मला फार थोडं कळे. पण एक नाव दिवसभर कानावर यायचं. कोणाला पाणी पाहिजे, कोणाला बाटी पाहिजे, बाटी म्हणजे त्यांची भाकर, कोणाचा इळा हरवला, की तो ओरडायचा, "याडीऽऽ!" आणि मोठ्या वावराच्या मालकीणबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघायच्या. लाल घागरा, आरशांची कांचळी, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि उंच्यापुऱ्या. मला वाटलं, बाईचं नाव याडी आहे. छोटं, तोंडात बसणारं आणि आमच्या घरात कोणाचं नसलेलं नाव. माझं काम झालं.

रोही आली ती उन्हं कलल्यावर, नाल्यातल्या करंजाच्या सावलीतून. पुढं मोठा काळा नर, मागं माद्या. मी उभी राहिले, डोळे मिटले आणि ओरडले, "याडीऽऽऽ!"

आवाज माझाच आहे हे मला पटायला वेळ लागला. पलीकडच्या वावरात सगळे जागच्या जागी थांबले. कापूस वेचणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. मग मालकीणबाई पऱ्हाटीतून धावत सुटल्या आणि त्यांच्या मागं सगळी माणसं, सगळी कुत्री. कळप नाल्यापार गेला. मालकीणबाई परत आल्या त्या हसत हसतच. माळ्याखाली उभ्या राहून त्यांनी विचारलं, "कोन हाक मारली वं?"

मी वरून हळूच म्हणाले, "मी."

"मी तुही याडी कव्हा झाली वं?"

मला काहीच कळेना. मागं त्यांची मुलं पोट धरून हसत होती. एक म्हणाला, "याडी, आता बाटी टाक हिच्यासाठी बी!" संध्याकाळी मालकांनी मला समजावून सांगितलं, तेव्हा तेही हसत होते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी माळ्यावर चढून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी शेजारणीला आई म्हणून हाक मारली होती.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर जाईना. सासूचा नाइलाज झाला. मग दुपारी त्या स्वतः धुरा ओलांडून आमच्या वावरातल्या खोपीपाशी आल्या. सासूला म्हणाल्या, "सून कुटं हाय तुही?" मी आत ज्वारी पाखडत होते. त्या दारात उभ्या राहिल्या, दार भरून गेलं.

"काय वं, आज हाक नाही मारत? रोहीनं सुट्टी घेतली काय?"

मी जोरजोरात पाखडू लागले.

"आयक. पाच पोट्टे हायेत मले. दिवसभर याडी याडी करतेत आनि मी काही सांगितलं त एक बी आयकत नाही. तुहा आवाज चांगला हाय. चिमनीसारखी दिसते, पन वावर फाडते आवाजानं. तेच म्हनत जाय."

तेव्हापासून त्या माझ्या याडी झाल्या. पुढं सासू गेली, मामाजी गेले, तिकडचे मोठे मालकही गेले, पण ती हाक राहिली.

तेव्हाचे दिवस आठवले की आधी ती धावच आठवते. माझी हाक गेली की पलीकडून उत्तर यायचं, "आऽऽव!" म्हणजे येतो, आलो, असं मी समजायची. खरं तर त्यांच्या बोलीत आव म्हणजे ये. त्या मला नाही, आपल्या मुलांना म्हणायच्या, या रे. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही मी माझाच अर्थ धरून ठेवला. हळूहळू हाकेत फरक पडत गेला. रोहीसाठी लांब हाक. माकडांसाठी दोन तुटक, कारण माकडांना कुत्री लागत, माणसं लागत नाहीत. आणि काहीच नसलं, नुसतं बोलायचं असलं, तर शेवटी वर चढवायची. मग याडी कपाळावर हात धरून धुऱ्याकडे येऊ लागायच्या.

आमचं सगळं बोलणं असं वावराला वावर लावूनच झालं. माझ्या पहिल्या बाळंतपणाची बातमी मी त्यांना माळ्यावरून सांगितली. शिवारातल्या सगळ्यांना एकदमच कळली. त्यांनी तिकडून विचारलं, "खट्टं खावं वाटते का?" मी म्हणाले, "हो." संध्याकाळी धुऱ्यावर चिंचेचा गोळा पानात बांधून ठेवलेला होता, आणि त्यावर मुंगळे चढू नयेत म्हणून भोवती राखेचं रिंगण.

मामाजींना मात्र जीव असेपर्यंत एक काटा होता. ते म्हणायचे, "आपन त्याह्यले देतो काय? त्याह्यचे मानसं धावतेत, त्याह्यचे कुत्रे चावून घेतेत. आपन नुसते वरडतो." एकदा कुत्र्याला रोहीची लाथ लागून त्याचा पाय गेला, तेव्हा तर मामाजी दोन घास जेवले नाहीत. म्हणून तुरीला पहिल्या शेंगा लागल्या की ते एक टोपलं भरून माझ्या मालकांच्या डोक्यावर देत आणि मोठ्या वावरात पाठवत. तिकडचे मालक दर वर्षी तेच बोलायचे, "काहून आनलं? आमच्याकडे तूर पिकत नाही काय?" आणि दर वर्षी टोपलं रिकामं करून त्यात गुळाचा खडा टाकून परत द्यायचे.

त्यांचा मधला मुलगा एकदा मामाजींना म्हणाला होता, "काकाजी, रोही आधी तुमचं खाते, मंग आमचं. तुमचं खाऊन होईपर्यंत आमी पोचून जातो. अजून काय देता भाऊ? आमच्या वाटचं बी तुमीच खाऊ घालून राह्यले." सगळे हसले. मामाजी हसले नाहीत, कारण ते खरं होतं. कडेच्या आमच्या ओळी दर साली जायच्याच. त्या गेल्या म्हणून मागच्यांच्या वाचायच्या. पण मामाजींच्या हिशेबात नुकसान हे देणं नव्हतं. देणं म्हणजे हातानं उचलून द्यावं ते.

मला तेव्हा त्यांचं पटायचं. आता नाही पटत. पण सांगायला ते नाहीत.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. याडींच्या घरी वाटण्या होऊन हे वावर धाकट्या मुलाकडे आलं. मी आले तेव्हा तो शाळेत जायचा. आता त्याच्या घरी सून आली आहे. माणसं कमी झाली. कोणी महागावला, कोणी पुण्याला. कुत्री म्हातारी झाली. मी हाक मारली तर धाकटा एकटा मोटरसायकलवर येई, तोवर कळप दोन्ही वावरं फिरून गेलेला असे. त्याचा काही दोष नव्हता. एक माणूस किती धावणार?

मग त्यानं झटका मशीन आणलं. आता आमच्याकडे ठिकठिकाणी आहे ते. उन्हावर चालणारी पाटी, एक बॅटरी, आणि वावराभोवती बारीक तार. जनावर तारेला लागलं की झटका बसतो आणि ते माघारी पळतं, मरत नाही. काही लोक खांबावरची लाइन चोरून तारेत सोडतात, त्यात माणसंही गेली आहेत. हे तसं नाही. मशीन चांगलं होतं. आम्हाला आनंदच झाला.

एक दिवस सकाळी मालक वावरात गेले आणि लगेच परत आले. ओसरीत बसले, पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत.

"खुट्या रोवल्या त्यानं," ते म्हणाले.

"कुटं?"

"धुऱ्यावर."

मला कळलं. धुऱ्यावर म्हणजे त्याच्या आणि आमच्या वावराच्या मधोमध. तार तिथून गेली की मोठं वावर आत आणि आम्ही बाहेर. आजवर जंगलातून जे यायचं ते दोन वावरांत पांगायचं. आता त्याला पुढं जायला वाट नव्हती. ते सगळं आमच्या पट्टीत थांबणार होतं आणि पोट भरेपर्यंत थांबणार होतं. मालक म्हणाले, "एका हंगामात वावर पडीत पडते. पेरून काय जनावराले वाढाचं?"

"तुमी बोल्ले नाही त्याले?"

"बोल्लो. तो म्हने, भाऊ, तुमच्या मांगून तार न्यायची म्हंजे नाल्याचा काठ, सगळे दगड, वळनं किती. दुप्पट तार लागते. मी म्हनलं, बाप्पा, तुह्या बापाचा आनि माह्या बापाचा बोल हाय. तर तो म्हने, भाऊ, तव्हा हाक लागत व्हती. मशीनले हाक लागत नाही."

हे बोलताना त्याचा आवाज चढा नव्हता, हेही मालकांनी सांगितलं. तो नजर खाली घालून बोलला. पण बोलला.

मी दुपारी तांड्यात गेले. इतक्या वर्षांत मी याडींच्या घरी सणालाच गेलेली, तेही उभ्या उभ्या. आता त्या फार थकल्या आहेत, वावरात येत नाहीत. खाटेवर बसल्या होत्या. घरात टीव्ही चालू, सुना चहा करताहेत, कोणाचं तरी लेकरू रडतं आहे. मला त्यांनी जवळ बसवलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच येईना. जे सांगायचं ते सगळं जिभेवर होतं. मी म्हणाले, "याडी, तार..." त्या म्हणाल्या, "काय?" मी पुन्हा म्हणाले. त्यांनी कान पुढं केला. सुना बघू लागल्या, तशी मी पुरतीच गप्प झाले. चहा प्यायले.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुले घरात बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "येवढे वर्स झाले, मी तुले इतकी जवळून कव्हा आयकलीच नाही. उद्या वावरात येतो मी. तिथं बोल."

आणि त्या खरंच आल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवत, थांबत थांबत. त्यांच्या बाजूनं, धुऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, बांधावरच्या बोरीखाली पोतं टाकून बसल्या. मी आमच्या बाजूला होते. माळा केव्हाच पडला होता, त्याची एक बल्ली तेवढी उभी होती. मी तिच्यापाशी उभी राहिले. याडींनी हात वर केला. बोल.

मी बोलले. पोटातून आवाज काढून बोलले. "याडीऽऽ! तार आमच्या मांगून न्याले सांगा! आमी बाहेर राह्यलो तं वावर जाते आमचं! तारेखाली गवत वाढलं तं करंट उतरते म्हंतेत, नाल्याकाठी गवत लय! ते गवत मी कापीन! दर हप्त्याले कापीन! तार तुटली तं सांगीन! खुट्या पडल्या तं रोवीन! तारेले जागा आमच्या वावरातून घ्या! पन आमाले आत घ्याऽऽ!"

एवढं मी आयुष्यात एका दमात बोलले नव्हते. आणि तितक्यात माझ्या शेजारच्या तुरीतून आवाज आला, "वहिनी, इतकं जोरात काहून? मी इथंच हाव."

धाकटा तिथंच होता. खुट्यांच्या दोराचा गुंता सोडवत तुरीच्या सावलीत खाली बसलेला, म्हणून मला दिसला नव्हता. हातभर अंतरावर. मी पदर तोंडात धरला. तो उठला, कानात बोट घालून हलवलं आणि म्हणाला, "कान गेला माहा."

तिकडून याडींनी विचारलं, "काय म्हंते तो?"

धाकटा त्यांना ओरडून म्हणाला, "बहिरा झालो म्हंतो!"

"मंग आयकलं न तू?"

"आयकलं वं याडी. आर्नीच्या बजारात बी आयकलं असन."

तो हसला नाही, पण हसू दाबत होता. मग त्यानं नाल्याकडे नजर टाकली. मशीनवाल्यानं त्यालाही सांगितलंच होतं गवताचं. तांड्यातून रोज येऊन ते कापणं त्याच्यानं होणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक असेल. म्हणाला, "नाल्याकाठानं दोन ओळी जातीन तुमच्या. तारेच्या बाहेर बी थोडी जागा साफ ठेवा लागते. चालन काय?"

मी मान हलवली. आता आवाज पुन्हा गेला होता.

"भाऊले इचारा."

मी पुन्हा मान हलवली.

मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन ओळी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तशाही रोहीच खात होती त्या." दुसऱ्या दिवशी ते आणि धाकटा मिळून धुऱ्यावरच्या खुट्या उपटत होते. खुट्या उपटता उपटता दोघं एकाच पाण्याच्या कॅनमधून पीत होते.

आता तार नाल्याकाठानं आहे. मी दर आठवड्याला इळा घेऊन जाते आणि तारेखालचं गवत कापते. तेवढा वेळ धाकटा मशीन बंद ठेवतो. बाकीचा वेळ मशीन टक टक करत असतं, दिवस-रात्र, एका लयीत. दोन्ही वावरांतलं पीक घरी येतं. आता तारेबद्दल काही सांगायचं असलं की मुलगा धाकट्याला फोन लावून देतो आणि मी म्हणते, "गवत कापलं." तो म्हणतो, "हो वहिनी." संपलं. सगळं चांगलं आहे. तरी ऊन कललं की मी नाल्याकडे बघत उभी राहते आणि घसा आपोआप साफ करते. लांब हाकेला जो श्वास लागतो तो अजून छातीत भरतो. भरतो आणि तसाच सोडून द्यावा लागतो. पलीकडच्या वावरात कपाळावर हात धरून उभं राहणारं कोणी नाही. याडी तांड्यात खाटेवर आहेत. मी गेले की माझा हात हातात घेऊन बसतात. आम्ही दोघी टीव्ही बघतो.

तार जोडली त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. धाकट्यानं मोठ्या वावरातल्या पेटीत मशीन चालू केलं आणि तिकडून ओरडून सांगितलं, "चालू झालं!" मी आणि मालक नाल्याच्या काठाशी, आमच्या टोकाला उभे होतो. याडींनाही सुनेनं त्या दिवशी आणलं होतं. मालक तारेकडे बघत होते. तार दिसायला तशीच होती, चालू असो की बंद.

"इथवर येते काय करंट?" ते म्हणाले.

"येतच असन," मी म्हणाले.

"आपल्या बाजूनं बी सोडला असन न त्यानं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. तार आमच्या मागून गेली होती, खुट्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, काही स्वतः रोवल्या होत्या, तरी त्यांना खात्री नव्हती. मी नका म्हणायच्या आत त्यांनी बोट पुढं केलं.

"माय वंऽऽ!"

ते दोन पावलं मागं उडाले आणि तुरीत बसले. त्यांचा आवाज पार तांड्यापर्यंत गेला असेल. पलीकडून याडी विचारत होत्या, "काय झालं वं? रोही आली काय?" धाकटा धावत येत होता. मालक तुरीत बसल्या बसल्या बोट झटकत होते आणि हसत होते, एवढे हसत होते की मला त्यांना हात देऊन उठवावं लागलं.

"हाय," ते म्हणाले. "आपल्या बाजूनं बी हाय."